बाईनं पोळी सोडली

बाई, लोक म्हणतात की तू पोळी सोडलीस म्हणून गेलीस.

तोंडावर कोणी म्हणत नाही. पण चहाचा कप हातात धरून, आवाज थोडा खाली आणून म्हणतातच. गव्हाचं खातच नव्हती, अंगात ताकद कुठून राहणार. मग माझ्याकडे बघून मान हलवतात, कारण या गोष्टीवरून तुझ्याशी सगळ्यांत जास्त भांडलो तो मीच. तू गेलीस आणि माझंच खरं ठरलं, असं त्यांना वाटतं.

म्हणून लिहायला बसलो. आपण दोघं कधी असल्या मराठीत बोललो नाही. पण माझी शाळा हिंदीची. मराठी अक्षरं तू शिकवलीस, आईच्या पोथीवर बोट ठेवून, त्यामुळे कागद समोर आला की पोथीचीच भाषा हातात येते. समजून घे.

तुझं नाव शकुंतला हे मला पहिली-दुसरीत गेल्यावर कळलं असेल. मला तू बाईच, मोठी बहीण. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची आणि मी पाच. बाबा तुमसरकडचं गाव सोडून भिलाईला प्लांटात लागलेले, कोक ओव्हनवर. गावाकडे आपण दोन्ही वेळचे भात खाणारे. पोळी म्हणजे सणाची. पण इथे बाबांच्या बरोबरीच्या पंजाबी आणि बिहारी लोकांच्या डब्यात पोळ्या, आणि बाबा म्हणायचे, भट्टीसमोर भात पोटात टिकत नाही. आई होती तोवर ती करायची. ती गेल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी बाबांना ड्यूटीवर जायचं होतं, आणि तू शेजारच्या पंजाबी काकूंच्या दारात परात घेऊन उभी राहिलीस. कणीक कशी भिजवायची ते त्यांनी दाखवलं. ओट्याला हात पुरत नव्हता म्हणून तू खाली बसून लाटायचीस, मला समोर बसवून. मला त्या पोळ्या आठवत नाहीत. तुझ्या कोपरापर्यंत लागलेलं पीठ आठवतं, आणि ते तसंच अंगावर घेऊन तू शाळेत गेलीस म्हणून पोरी हसल्या होत्या, ते तू रडत सांगितलेलं आठवतं. त्यानंतर दोन वर्षांनी तुझी शाळाच सुटली.

भिलाईतच, खुर्सीपारला तुझं लग्न झालं. भाऊजी ठेक्यावर काम करायचे. चांगला माणूस, कमी बोलणारा. स्वाती सहा वर्षांची असताना ते गेले आणि तू पुन्हा परात पुढे ओढलीस. परगावाहून आलेले ठेक्याचे कामगार, एका खोलीत पाच-सहाजण राहणारे, त्यांचे डबे तू सुरू केलेस. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या. मी तोवर रेल मिलमध्ये लागलो होतो. ड्यूटी सुटली की सायकल आधी तुझ्या दाराशी थांबायची. तू तव्यावरची पोळी उचलून सरळ माझ्या ताटात टाकायचीस आणि म्हणायचीस, "खाय, मंदा वाट पाहून राहिली असन, लवकर खाऊन जाय." माझं लग्न झालेलं, घरी मंदा स्वयंपाक करून बसलेली, आणि मी इथे जेवून जायचो. आता वाटतं, दोघींवरही अन्यायच होता तो.

स्वातीचं शिक्षण, तिचं लग्न, कुरुदला दोन खोल्यांचं घर, सगळं त्या पिठातून उभं राहिलं. त्यामुळे तू पिठालाच नाही म्हणालीस तेव्हा मला ते पटेना.

तो रविवार मला नीट आठवतो. डबे बंद करून तुला चार वर्षं झाली होती आणि मी दर रविवारी सुपेल्यातल्या माझ्या घरून कुरुदला तुझ्याकडे जेवायला यायचो. ताट पुढे आलं. भात, वरण, लाखोरीची भाजी, कांदा. मी हात धुऊन बसलो, वाट पाहिली.

"पोळी?"

"नाई केली."

"कणीक सरली का?"

"सरली नाई. मी सोडली."

"सोडली म्हणजे?"

"सोडली म्हणजे सोडली. पोळी, पराठा, ब्रेड, टोस, बिस्किट, सारं. गव्हाचं अन् मैद्याचं काहीच खात नाई आता मी. पंधरा दिवस झाले. पिठाचा डबा दुलारीले देऊन टाकला."

दुलारी म्हणजे तुझी छत्तीसगढी शेजारीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. तिला डबासुद्धा देऊन टाकला, हे मला जास्त लागलं. आईच्या वेळचा डबा होता तो.

मी हसलो. "मोबाइलवर पायलं वाटते काही. आजकाल सारे तिथूनच डाक्टर होऊन राहिले."

तू वरणावर तूप वाढलंस. आणि बाई, हे लिहिताना आज लाज वाटते, पण लिहितो. तुला काय होतंय, हे मी विचारलं नाही. मी विचारलं, "मग मी काय खाऊ?"

"भात आहे ना. नाईतर मंदाले सांग बांधून द्याले."

आणि मी खरंच पुढच्या रविवारपासून मंदाकडून पोळ्या बांधून आणायला लागलो. तुझ्याच घरात, तुझ्याच समोर बसून, डबा उघडून त्या खायचो. चिडवायला. तू एकदा म्हणालीस, "दाखव बरं, मंदानं मऊ केल्या आज." आणि हातात घेऊन, वास घेऊन परत ठेवलीस. मी तो माझा विजय समजलो.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते माझ्या साखरेवरून. मला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला, पोळी खा म्हणालेले. मी म्हटलं, "माह्या डाक्टरानं भात बंद करून पोळी सांगितली. तू पोळी बंद करून भात खाऊन राहिली. दोघांतून एक तर खोटं आहे."

तू म्हणालीस, "दोन्ही खरं असन. पोटं बी दोन आहेत ना."

पण मी सोडलं नाही. म्हटलं, म्हातारपणी माणसानं जे जन्मभर खाल्लं तेच खावं. तू म्हणालीस, जन्मभर खाल्लं म्हणूनच आता पुरे. मी म्हटलं, पीठ तुझी लक्ष्मी होती. तू म्हणालीस, "होती. मी कुठं नाई म्हटलं? लक्ष्मीले मी आजबी हात जोडतो. पण तिले पोटात काहाले ठेवू?" दुलारी दारात बसून हसत होती. तिला आपली अर्धी भाषाच कळायची, पण हसायचं कुठे ते बरोबर कळायचं.

तीन-चार महिन्यांनी तू एकदा सकाळी सुपेल्याला माझ्या दारात उभी. मी ऑटो शोधायला वाकून रस्त्यावर पाहिलं. "ऑटो नाई," तू म्हणालीस, "चालत आली." कुरुदहून सुपेल्यापर्यंत, बाजारातली गर्दी काटत, चालत. ज्या बाईला चौकातून घरापर्यंत यायला दोनदा कोणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागायचं, ती. तुला धापही लागली नव्हती. पोट फुगायचं थांबलं होतं, जेवण झालं की जी गुंगी यायची ती गेली होती, सकाळी उठल्यावर आखडणारी बोटं आता सहज वळायची. मंदाने तुला विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो. तेव्हा नुसतं "बाई, बरी दिसून राहिली तू" एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

आता बैलपोळ्याचं.

पोळ्याला आमच्याकडे मुलाचे सासरचे आले होते, सणाला पहिल्यांदाच. तूही आलीस. मंदाने पुरणपोळ्या केल्या होत्या, आपल्याकडच्या, पुरणाने टम्म भरलेल्या. पंगत बसली. मंदाने न विचारता तुझ्या ताटात भात, कढी आणि वाटीत नुसतं पुरण वाढलं. तुला तेवढं चालायचं. तू खूश होतीस. व्याह्यांनी विचारलं, "ताई पोळी घेत नाहीत?" त्यांनी सहज विचारलं असेल. मला मात्र वाटलं, सणाच्या दिवशी माझ्या घरची पोळी माझी बहीण घेत नाही, हे चारचौघांत दिसतंय.

मी माझ्या ताटातली पोळी उचलली आणि तुझ्या ताटात ठेवली. "खाय."

"नाई रे अरून्या. मले नाई चालत."

"एका पोळीनं काय होते?"

"होते. मी पायलं आहे."

मंदा मागून म्हणाली, "अहो, राहू द्या ना त्याईले."

मी ऐकलं नाही. मी म्हटलं, "लहानपणी तूच भरवली मले. आता माह्या घरची पोळी नाई चालत तुले? माही शपथ आहे."

सगळे हसले. तूही हसलीस. पण हसण्याआधी तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. बाई, तसं तू एकदाच आधी पाहिलं होतंस, तुझी शाळा कायमची सुटली त्या दिवशी, बाबांकडे. मग तू पोळी मोडलीस. मी दुसरी वाढली. तीही खाल्लीस. तूप मागून घेतलंस, कोणाला काही वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलारीचा फोन आला. "भैया, दीदी के तबियत बने नइ हे. आ जावव." रात्रभर उलट्या झाल्या होत्या, पोट दगडासारखं झालेलं. मी गेलो नाही. तान्हा पोळा, पोरांचा सण आहे, नातू आहे, असं मंदाला सांगितलं. खरं म्हणजे तोंड नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो, लिंबं आणि नारळपाणी घेऊन, जणू कोणा तिसऱ्याच्याच हातून तू आजारी पडली होतीस.

तू खाटेवर होतीस. चेहरा उतरलेला. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. मी चष्मा लावून पाहिले. सुपेल्यातल्याच एका दवाखान्याची चिठ्ठी, वर्षभरापूर्वीची. तपासण्या, गोळ्या, आणि खाली डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात, सहा आठवडे गहू आणि मैदा पूर्ण बंद करून पाहा, मग दाखवा. त्याखाली दुसऱ्या तारखेला, आराम आहे, हेच चालू ठेवा.

"हे मोबाइलवरचं नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं."

"मले कावून नाई सांगितलं?"

"तू विचारलं कुठं? तू तं हसत होता."

मी कागद पुन्हा पिशवीत ठेवले. पिशवीला गाठ मारत बसलो. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तूच म्हणालीस, "चूक माहीच आहे रे. मले नाई म्हणता आलं पाहिजे होतं. साऱ्याईले हो म्हणत आली ना जन्मभर. आता नाई म्हणाले शिकून राहिली, पण अजून पक्कं नाई झालं."

तू माझी चूक तुझ्या अंगावर घेतलीस आणि मी घेऊ दिली. नारळपाणी पेल्यात ओतून दिलं आणि घरी आलो. त्यानंतर दीड वर्ष तू होतीस. दीड वर्षांत किती रविवार येतात. एकाही रविवारी मी ते म्हटलं नाही.

पण पोळ्या बांधून नेणं मी बंद केलं, ते तुझ्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार. तू माझ्यासाठी ज्वारीची भाकर करायला लागलीस. मी म्हटलं, "तुह्या हाताले पुन्हा काम." तू म्हणालीस, "हे मी माह्या मनानं करून राहिली. हे वेगळं."

मग डोंगरगड, डोंगरावरची देवी. मागच्या वर्षी नवरात्र झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर, तू, मी, मंदा आणि दुलारी गाडीने गेलो. आधी दरवेळी तू रोपवेच्या रांगेत बसायचीस. या वेळी पायथ्याशी चपला काढल्यास आणि म्हणालीस, पायऱ्यांनी जाते. मंदा रोपवेने गेली. तू आणि दुलारी पुढे निघालात आणि मी, तुझ्याहून सात वर्षांनी लहान, मागे. अर्ध्यावर माझी छाती भरून आली. मी एका दुकानाच्या बाकावर बसलो. तुम्ही दोघी दिसेनाशा झालात. मी म्हटलं, वर जाऊन येतील. पण थोड्या वेळाने तू एकटीच खाली उतरून आलीस आणि बाजूला बसलीस.

"देवीले पाहून आली?"

"नाई. दुलारी गेली. देवी काय कुठं पळून राहिली का. तू दम घे."

आपण बराच वेळ बसलो. खाली तलाव दिसत होता, रेल्वेची लाईन दिसत होती. माणसं घाम पुसत चढत होती. आणि तू एकाएकी बोलायला लागलीस. तशी तू कधी बोलली नव्हतीस.

"डब्याचं काम होतं ना अरून्या, तवा मी कधी ताट वाढून नाई जेवली. सारे डबे भरले का ज्या उरल्या त्या पोळ्या. वाकड्या झालेल्या, करपलेल्या. ओट्यापाशी उभ्यानंच चहात बुडवून खायची. भूक लागली का नाई हेबी नाई पाहायची. उरल्या म्हणून खायची. बाबाच्या घरीबी तसंच. तुले अन् बाबाले झाल्यावर जे राहीन ते. मग डाक्टरीणबाईनं पोळी बंद केली अन् विचारलं, तुम्हाला काय आवडतं खायला? मले सांगताच नाई आलं. तिच्या समोर बसून विचार करून राहिली अन् सांगताच नाई आलं. पासष्टी वलांडलेली बाई मी. लाज वाटली मले."

"मग आता मालूम पडलं का?"

"पडलं ना." तू लहान पोरीसारखी हसलीस. "दुलारीच्या घरची बासी. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, त्यात दही, वरतून मीठ अन् कांदा. सकाळी अंगणात बसून खातो आम्ही दोघी. इतकं थंड वाटते बाप्पा पोटाले! आपली आईबी गावाकडं खायची, मले आठवलं. तुले नाई आठवणार."

मला नाही आठवलं. मला आई फोटोएवढीच आठवते. पण त्या पायऱ्यांवर मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली, की तू काही सोडत नव्हतीस. ज्या मुलीच्या हातात बाराव्या वर्षी परात आली, तिला तू मागे जाऊन भेटत होतीस. म्हटलं, चल, हळूहळू चढू. तू माझा हात धरलास, आणि मधे चार वेळा थांबून आपण वर गेलो. तुझ्या तळव्याला अजून लाटण्याचे घट्टे होते.

तू गेलीस ती माघातल्या एका सकाळी. फिरून आलीस, ओट्यावर बसलीस, दुलारीला म्हणालीस, डोकं लई दुखून राहिलं, पाणी दे. ती पाणी घेऊन आली तेव्हा तू भिंतीला टेकलेली होतीस. मी दवाखान्यात पोचेपर्यंत तू कोणाला ओळखत नव्हतीस. संध्याकाळ होण्याआधी सगळं आटोपलं. मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना विचारलं, गव्हाचं खात नव्हती त्याचा काही संबंध? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, काही नाही. मी बाहेर येऊन पुन्हा आत गेलो आणि पुन्हा तेच विचारलं. ते पुन्हा म्हणाले, काही नाही, काका. तुम्ही बसा.

तुला अग्नी मी दिला. स्वाती म्हणाली, मामाच देतील.

दसव्याच्या दिवशी तुझ्या अंगणात सगळे बसले होते. गावाहून आलेले काका, बाबांचे चुलतभाऊ, मोठ्याने म्हणाले, "भातावर माणूस किती दिवस जगन? पोळी सोडली अन् अंगातली ताकद गेली. या अरुणनं केवढं समजावलं तिले. याचं ऐकलं असतं तं आज बसली असती आपल्यात." आणि त्यांनी माझ्या भादरलेल्या डोक्यावर मायेने हात ठेवला.

मला वाटलं, हात तसाच राहू द्यावा. खरंच वाटलं, बाई. त्या हाताखाली गप्प बसलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं. समोर दुलारी बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती, आणि तिचं ते न बघणं मला सहन झालं नाही.

मी उठून उभा राहिलो. "काकाजी, तिनं माहं ऐकलं होतं एकदा," मी म्हटलं. "पोळ्याच्या दिवशी. मी चारचौघांत शपथ घालून तिले दोन पोळ्या खाऊ घातल्या. चार दिवस खाटेवर होती ती. पहिल्या दिवशी मी पाहालेबी नाई आलो. डाक्टरीणबाईनं मना केलं होतं तिले, कागद होता. मी कधी विचारलंच नव्हतं. पोळी सोडल्यानं ती गेली नाई. पोळी सोडल्यावर तं ती डोंगरगडची पायरी चढली. मी अर्ध्यात बसलो होतो, मले हात धरून तिनं नेलं."

काका म्हणाले, "बस बाबा, बस." एवढंच. दुलारीने पदर डोळ्याला लावला. तिला कितपत कळलं कोण जाणे.

नंतर मी मागच्या बाजूला नळापाशी तोंड धूत होतो. स्वाती टॉवेल घेऊन आली. मला वाटलं, रागावेल. आईला मी काय केलं होतं ते तिने आज सगळ्यांबरोबर ऐकलं.

"मामा, मम्मी तुमच्यावर नाराज नव्हती, सच में," ती म्हणाली. "पोळ्याचं मले तवाच मालूम झालं होतं. तिनंच फोनवर सांगितलं. हसत होती. म्हणे, अरून्या लहान होता तवाबी अशीच शपथ घालायचा, तू जेवली नाई तं मीबी जेवत नाई म्हणून. म्हणे, तवा कोणीच मले जेव म्हणत नव्हतं, तोच एक म्हणायचा."

मी टॉवेल तोंडावरून काढला नाही.

"मग तू मले कावून नाई सांगितलं, पोरी?"

"मम्मीनंच मना केलं. म्हणे, त्याले सांगू नको. त्याले वाईट वाटन."

बाई, आता हे मी कुठे ठेवू? तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. माफी मागायची जागा तरी राहिली असती. तू ती मागायच्या आधीच देऊन बसलीस, आणि मला कळूही दिलं नाहीस. पण तू दिलीस म्हणून माझं मागणं संपत नाही. म्हणून मागतो. चुकलं माझं. पोळ्याच्या दिवशी चुकलं, आणि त्याच्या आधीच्या त्या रविवारी जास्त चुकलं, जेव्हा तुझं पोट विचारायचं सोडून मी माझं ताट विचारलं.

मी पोळी सोडलेली नाही, हेही सांगून टाकतो. तू गेलीस म्हणून सोडली असं कोणी म्हणू नये, आणि तुलाही ते आवडलं नसतं. पोटं दोन आहेत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. काल दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मंदा जेवण आटोपून भांडी आवरत होती. मी तिला विचारलं, "मंदा, तुले काय आवडते खाले?"

पदराला हात पुसत ती थांबली. "आज काहाले विचारून राहिले?"

"असंच. सांग ना."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे मी विचारलेलं तिलाही आठवेना, मलाही. ती खिडकीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, तिलाही सांगता येणार नाही. आणि मला भीती वाटली.

"पोळी," ती म्हणाली. "गरम, तव्यावरची. पण दुसऱ्या कोणी केलेली."

मग संध्याकाळी मी परात काढली. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागलो. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. सगळं बोटांना चिकटायला लागलं. मंदा स्टुलावर बसून बघत होती, मधे बोलायचं नाही असं तिला बजावलं होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"पाणी लई झालं."

"मग आता काय करू?"

"मी नाई सांगत. तुम्हीच म्हटलं, बोलू नको."

"नको सांगू," मी म्हटलं. "बाईले फोन करून विचारतो."

बोलून गेलो तेव्हा कळलं. मग मंदा उठली, डब्यातून मूठभर पीठ घेतलं आणि माझ्या परातीत टाकलं.